माणूस, दिवस, जागा

आमच्या भारतीला पहिली मुलगी झाली आणि बाराव्या दिवशी तिचं नाव ठेवलं, ते साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. बारसं माझ्याच खोलीत झालं, विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहामागं. दुपारी बायका पांगल्या. उरलेल्या घुगऱ्या मी एका ताटलीत काढल्या आणि गेटवरच्या माझ्या स्टुलाकडं निघाले. गेट राखायची माझी पाळी दोनपासून असायची.

गेटच्या पायरीवर नसीम बसली होती. मांडीवर कागदांचा गठ्ठा, आणि त्या कागदांवर लाल शाई इतकी की कुणी कोंबडी कापली असावी.

"घुगऱ्या घे," मी म्हटलं. "नात झालीय मला."

"मुबारक, मावशी," ती म्हणाली, आणि घुगऱ्यांची मूठ तोंडात घालून रडायला लागली.

नसीम मुजावर. तासगावच्या शिंप्याची मुलगी. चार वर्षांपासून आमच्या वसतिगृहात राहायची. डॉक्टर होणार होती, पण सुई टोचणारी नव्हे, पुस्तक लिहून होतात तसली. दगडाच्या खाणींत जी धूळ उडते त्या धुळीवर तिचं पुस्तक होतं. हे मला कळलं तेव्हा मी हसले होते. म्हटलं, बाई, आमची सगळी जात त्या धुळीत लोळली, आमच्यातलं कुणी डॉक्टर झालं नाही.

"कुणी मारलं का?" मी विचारलं.

"प्रभुदेसाई बाईंनी."

"हातानं?"

"पेनानं." ती हसली, नाक पुसलं. मग सांगितलं.

ऑगस्टमध्ये ती कमिटीपुढं उभी राहिली होती. बोलायचं इंग्रजीत. बारावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली पोर. तिथं तिची बोबडी वळली. साहेबांनी सांगितलं, भाषा सुधारा, मग या. पुढची तारीख बावीस जानेवारी. तिसरी तारीख नाही, कारण महिनाअखेरीला तिची पाच वर्षांची मुदत संपत होती. म्हणून ती रोज सकाळी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत प्रभुदेसाई बाईंच्या वर्गाला जायची. बाई निवृत्त झालेल्या. संशोधन करणाऱ्या पोरांना अभ्यासाचं इंग्रजी कसं लिहायचं, कसं बोलायचं, एवढंच शिकवायच्या.

"नाही जमलं तर?" मी विचारलं.

"नाही जमलं तर घरी. अब्बा एक शब्द बोलणार नाहीत, मावशी. नुसतं दुकानातलं दुसरं मशीन पुसून ठेवतील."

मशीन पुसून ठेवणारा बाप मला दिसला.

"तुम्ही ऐकाल का?" ती एकदम म्हणाली. "मी वाचते. रोज अर्धा तास."

"मला काय कळतंय त्यातलं? मला मराठी अक्षर कळत नाही, तुझं इंग्रजी कुठलं कळायला!"

"म्हणूनच. कळणाऱ्यापुढं माझी जीभ टाळूला चिकटते."

मागून खोकल्याचा आवाज आला. खोकला थांबल्यावर तोच आवाज म्हणाला, "ऐक की गं. बसूनच असतीस."

ते आमचे कारभारी. थंडीच्या दिवसांत त्यांची बाज मी गेटमागच्या उन्हात टाकायची. नवऱ्याचं नाव आमच्यात बायको घेत नाही. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी किती छळलं, मी ओठ दाबून बसले होते. एकतीस वर्षं झाली होती त्याला. सगळ्यांपुढं मी त्यांना कारभारी म्हणायची, एकांतात "अहो". ते मला तिपे म्हणायचे. बावीस वर्षं त्यांनी खाणीत आणि खडीच्या क्रशरवर काढली होती. आता चार वाक्यं बोलायची तर मध्ये दोनदा थांबायला लागायचं. दवाखान्यात टीबीच्या गोळ्या द्यायचे. तीन वेळा तो कोर्स झाला. कारभारी म्हणायचे, "गोळ्या चांगल्या आहेत, पण आत दगड आहे. दगडाला काय गोळी लागू पडती?"

दुसऱ्या दिवसापासून नसीम वाचायला लागली.

मी वडाराची मुलगी. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण दहाव्या वर्षी सुतकी, दगड फोडायचा हातोडा, हातात आली. बाप दगड घडवायच्या आधी सुतकीच्या पाठीनं हलकेच ठोकायचा आणि कान लावायचा. अभंग दगड खणखणतो, देवळातल्या घंटेसारखा. ज्याच्या पोटात चीर आहे तो वरून कितीही देखणा असो, बद्द वाजतो. तो घडवायला घेतला तर चार दिवसांची मेहनत शेवटच्या घावाला दुभंगते. जात्याला टाकी लावत गावोगाव फिरले तेव्हा मी आधी जातं वाजवायची, मग कामाला हात घालायची. या कानानं मला कधी फसवलं नाही.

पहिल्या दिवशी नसीमचं इंग्रजी म्हणजे नळाचं पाणी, नुसतं पडत होतं. दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी माझा हात आपोआप वर झाला.

"थांब. इथं बद्द वाजलं."

"काय वाजलं?"

"आत्ता म्हणालीस ते. त्याच्या आधीचं खणखणत होतं. हे नाही."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग खाली कागदाकडं बघितलं. पुढं वाचायला लागली. थोड्या वेळानं मी पुन्हा हात वर केला. मग पुन्हा. चौथ्यांदा हात वर केला तेव्हा तिनं वाचणं थांबवलं आणि कागद माझ्यापुढं धरला. मला काळ्या मुंग्यांच्या रांगा दिसल्या, आणि काही रांगांभोवती लाल कुंपण.

"मावशी, तुम्हाला खरंच वाचता येत नाही?"

"आई शप्पथ."

"बाईंनी ज्या वाक्यांना गोल केलाय, तुम्ही तिथंच हात वर करताय."

तिचा चेहरा उतरला होता. कारभारी कोपरावर उठून बसले. "त्या वाक्यांत काय आहे?" त्यांनी विचारलं.

नसीमनं पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरली. "ती माझी नाहीत, काका. पुस्तकांतली आहेत. माझं इंग्रजी कच्चं, म्हणून चांगली चांगली वाक्यं उचलली. थोडी इकडची तिकडं केली. वाटलं, कुणाला कळतंय."

"हिला कळलं," कारभारी म्हणाले, आणि इतके हसले की मला त्यांची पाठ चोळावी लागली. "अडाण्याला कळलं. आता साहेबाचं काय घेऊन बसलीस!"

"बाई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"बाईंनी प्रत्येक गोलाशेजारी एकच लिहिलंय. कोण म्हणतं?"

मला आठवतं, थंडीचं ऊन होतं तरी माझ्या अंगावर काटा आला. आमच्या वस्तीत कुणी काही बोललं की आम्ही हेच विचारायचो. अमक्याची सून पळाली. कोण म्हणतं? एवढ्या मोठ्या विद्यापीठात, एवढ्या जाड पुस्तकांत, तोच प्रश्न विचारतात हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, लिहिलेलं असलं की ते खरंच असतं. लिहिणाऱ्याला कुणी अडवत असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमची रीत बदलली. बद्द वाजलं की मी हात वर करायची, नसीमनं ते वाक्य मराठीत सांगायचं, आम्हा दोघा अडाण्यांना कळेल असं. कधी तिला सांगता यायचं नाही. मग ती म्हणायची, "मलाच कळलेलं नाही," आणि वाक्य खोडायची. सांगता आलं की तेच साध्या इंग्रजीत फिरवून लिहायची. वाक्य आखूड व्हायचं, पण पुन्हा वाचलं की वाजायचं. खरंच वाजायचं. शब्द मला एक कळत नव्हता, पण तिचा श्वास कुठं टेकतो, कुठं पळतो ते कळत होतं. दुसऱ्याच्या चपला घालून चालणारा माणूस मागूनही ओळखू येतो ना, तसं.

एकदा ती येरझाऱ्या घालत एकच काहीतरी घोकत होती. मे सजेस्ट, मे सजेस्ट.

"शेळी आली का दारात?" कारभारी बाजेवरून ओरडले.

"काका! मे म्हणजे असेल कदाचित. बाई म्हणतात, जेवढं ठाऊक आहे तेवढंच ठामपणे म्हणायचं. बाकीच्याला मे लावायचा."

कारभाऱ्यांनी श्वास गोळा केला. "बरोबर आहे बाईचं. सुरुंग लावल्यावर दगड इकडं पडेल असं म्हणावं. पडणारच असं म्हणणारा एक मुकादम होता आमचा. त्याच्याच पायावर पडला."

नसीमनं ते वहीत लिहून घेतलं. बाईंना सांगणार म्हणाली.

डिसेंबरचा दुसरा रविवार होता. वसतिगृह अर्धं रिकामं. नसीम शेवटचा भाग वाचत होती. आता तिचं वाचन असं झालं होतं की ऐकताना डोळे मिटून डुलावं. आणि मध्येच बद्द. मी हात वर केला.

"नाही मावशी, हे बरोबर आहे," ती म्हणाली. "याला बाईंचा गोल नाही. मी कुठून घेतलं ते खाली नीट लिहिलंय. मोठ्या माणसाचं पुस्तक आहे."

"असू दे. बद्द वाजलं."

"चुकताय तुम्ही."

"चुकत असेन. म्हणजे काय ते सांग."

तिनं कागदाकडं बघत सांगितलं. "खाणकामगार अशिक्षित असल्यामुळं त्यांना धुळीच्या धोक्याची जाणीव नसते, आणि ते स्वतःच्या बचावासाठी काहीही करत नाहीत."

मी हात खाली घेतला. तिनं ते वाईट मनानं लिहिलं नव्हतं. पुस्तकात होतं, तिनं उतरवलं होतं, रीतीप्रमाणं खाली नावही दिलं होतं.

बाज करकरली. कारभारी पाय खाली सोडून बसले होते.

"कोण म्हणतं?" त्यांनी विचारलं.

नसीमनं एक नाव सांगितलं. परदेशातलं होतं.

"तो आमच्या खाणीत आलता?"

"नाही, काका."

"तू आलतीस?"

"आले होते. मशीन घेऊन. तीन वर्षं येत होते."

"मशीनला विचारलंस. आम्हाला विचारलंस?"

तिचे कान लाल झाले होते. कारभारी माझ्याकडं वळले. "तिपे, पेटीतलं फडकं आण."

मला माहीत होतं कुठलं. लोखंडी पेटीच्या तळाशी, माझ्या लग्नातल्या लुगड्याच्याही खाली, प्लास्टिकच्या पिशवीत ते ठेवलं होतं. मी दोन्ही हातांवर धरून आणलं, कारण नीट धरलं नाही तर तडकतं. एके काळी ते पांढरं मांजरपाट होतं. आता राखाडी, ताठ, तोंडाच्या आकाराचा खळगा पडलेलं, भिंतीवरून सुटलेल्या गिलाव्याच्या पोपड्यासारखं.

"हे माझं कामाच्या शेवटच्या दिवसाचं," कारभारी म्हणाले. ते थांबत थांबत बोलत होते, मी सलग लिहितेय. "सकाळी ओलं करून तोंडाला बांधायचं. दुपारपर्यंत धूळ बसून ताठ व्हायचं. सुट्टी झाली की सगळे ओळीनं बसून आपापलं फडकं मोडायचे. वाकलं तर दिवस बरा. पापडासारखं मोडलं तर दिवस वाईट. ज्याचं मोडलं त्यानं दुसऱ्या दिवशी क्रशरच्या चाळणीपाशी उभं राहायचं नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचं. त्याच्या जागी ज्याचं वाकलंय त्यानं यायचं. ज्याला ढास लागली त्याला कायमचं वरच्या अंगाला. हा आमचा कायदा. मुकादमाला ठाऊक नव्हता."

नसीम हळूहळू खाली बसली. अगदी जमिनीवर, त्यांच्या पायांपाशी.

"आणि पाणी मागायला गेलो होतो," ते म्हणाले. "चाळणीवर पाणी मारा म्हणालो. मालक म्हणाला, ओली खडी अडकते. आठ दिवस कामावर घेतलं नाही आम्हा सात जणांना. जाणीव नसती तर कशाला गेलो असतो?"

"काका," नसीमचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माझ्या मशीनच्या पेटीत पण हेच असतं."

"काय असतं?"

"एक पांढरा कागद. पेटी हवा ओढते. कागद आधी तोलायचा, संध्याकाळी परत तोलायचा. जेवढा जड झाला तेवढी धूळ. दुसरं काही नाही. तीन वर्षं मी एवढंच केलं."

"आम्ही तोलत नव्हतो," कारभारी म्हणाले. "मोडायचो."

नसीम त्या फडक्याकडं बघत होती, दर्ग्यात चादरीकडं बघतात तशी. मी एकदा तिच्याकडं, एकदा यांच्याकडं बघत होते. एकतीस वर्षं या माणसाची भाकरी भाजली. तो फडकं मोडायचा हे मी रोज बघितलं होतं, आणि ते धुवायला मिळत नाही म्हणून त्याच्याशी भांडले होते. त्याला एवढी अक्कल लागते हे मला त्या दिवशी, त्या पोरीच्या डोळ्यांत बघून कळलं.

शेवटी तिनं वही उघडली. "काका, हे मी लिहू?"

"लिही की. मला कुठं लिहिता येतंय!"

"पण हे पुस्तकात नाही. याला आधार काय द्यायचा? बाईंना विचारायला लागेल."

ती तशीच उठून रविवारी बाईंच्या घरी गेली. तासाभरात धावत परत आली, दुपट्टा खांद्यावरून लोंबत होता.

"चालतं! बाई म्हणाल्या, पुस्तक नसलं तरी चालतं, माणूस असला पाहिजे. त्याला तीन गोष्टी लागतात. माणूस, दिवस, जागा. कोण म्हणालं, कधी म्हणालं, कुठं म्हणालं. पूर्ण नाव हवं. मावशी, काकांचं पूर्ण नाव सांगा."

मी पदर तोंडाला लावला.

"मावशी, नाव!"

"त्यांनाच विचार."

"अहो, झोप लागलीय त्यांना."

"मग उठेपर्यंत बस."

ती आधी चिडली, मग तिच्या लक्षात आलं आणि पोट धरून हसली. बाजेवरून आवाज आला, "झोप नाही लागली. बघत होतो, घेतीय का ही." आणि त्यांनी स्वतः आपलं नाव सांगितलं, बापासकट, आडनावासकट, शाळेत हजेरीला सांगावं तसं.

बावीस जानेवारीला शुक्रवार होता. कारभाऱ्यांना जायचं होतं. सकाळी त्यांनी अंघोळ करून धुतलेला शर्ट घातला. गेटपर्यंत चालले आणि खांबाला धरून उभे राहिले. ओठ निळसर झाले होते.

"तू जा," ते म्हणाले. "मी इथंच बसतो. बद्द वाजलं तर येऊन सांग."

"अन् नाही वाजलं तर?"

"तरीपण सांग."

मी बदली ड्युटी लावून गेले. एवढी वर्षं त्या आवारात राहिले, पण त्या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं. हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा. मागच्या रांगेत बसले, पाय खुर्चीखाली घेऊन. पुढं टेबलामागं पाच साहेब, त्यातले एक पांढऱ्या केसांचे, बाहेरगावचे. कडेला प्रभुदेसाई बाई, ठेंगण्या, काठी टेकून. मी पहिल्यांदाच बघितल्या. एवढ्याशा बाईनं एवढी लाल शाई कुठून आणली असेल असं वाटलं.

नसीम उभी राहिली. पहिल्या दोन वाक्यांना तिचा आवाज थरथरला. मी पदर मुठीत धरला. तिनं मागं बघितलं, मी दिसले. तिनं श्वास घेतला, आणि मग तिचं बोलणं चालू लागलं. मी डोळे मिटले. वाक्यामागून वाक्य येत होतं आणि एकही अडखळत नव्हतं, एकही पळत नव्हतं. मध्ये मध्ये "मे सजेस्ट" ऐकू आलं की मला शेळी आठवायची आणि हसू दाबावं लागायचं. दोन-अडीच महिन्यांपूर्वी पायरीवर रडणारी ती पोर एका परक्या भाषेत उभी होती, आणि ती भाषा तिचं वजन पेलत होती. माणूस एवढा वाढतो हे मी डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. देवळात जायला लागतं कशाला, असं मनात आलं.

ती थांबली. साहेबांनी प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. मग ते पांढऱ्या केसांचे साहेब पुढं वाकले. त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. आवाज कडक होता. मला शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला. कोण म्हणतं?

नसीमनं पिशवीतून फडकं काढलं. आदल्या दिवशी कारभाऱ्यांनी तिला दिलं होतं, नेतीस तर ने म्हणून. ते तिनं दोन्ही हातांवर धरून नेलं आणि साहेबांपुढं टेबलावर ठेवलं. त्यांनी एक बोट लावलं. मग बोटाकडं बघितलं. बोटाला राखाडी पूड लागली होती. त्यांनी ती झटकली नाही.

"हे कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं. मराठीत.

नसीम ताठ उभी राहिली. तिनं इंग्रजीतच उत्तर दिलं, सावकाश, आणि त्या सगळ्या परक्या शब्दांच्या मधोमध माझ्या नवऱ्याचं नाव आलं. पूर्ण. बापासकट, आडनावासकट. मग दिवस. मग जागा.

माझा हात आपोआप वर गेला, पण या वेळी थांबवायला नाही. मी पदर डोक्यावर घेतला.

साहेबांनी पेन उचललं आणि ते नाव आपल्या कागदावर लिहून घेतलं. मध्ये एकदा नसीमला पुन्हा विचारलं, आडनाव नीट लिहिलं जावं म्हणून. पाच साहेब आणि एक बाई वाट बघत बसले होते, एका दगडफोड्याचं नाव लिहून होईपर्यंत.

मी निकालाला थांबले नाही. निकाल मला ऐकू आला होता. बाहेर पडले आणि चढाचा रस्ता जवळजवळ पळत आले. कारभारी खांबाजवळच बसून होते, तोच शर्ट अंगात.

"कसं वाजलं?"

"खणखणीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "आणि माझं?"

"घेतलं नाव. साहेबानं लिहून घेतलं."

"साहेबानं लिहिलं," ते म्हणाले. मग त्यांच्या डोळ्यांत ती जुनी खोडी आली. "सगळ्या दुनियेनं घेतलं, तिपे. तू एकदा घे की."

"जावा तिकडं," मी म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेले.

नसीम पास झाली. पुस्तक बांधून यायला पावसाळा उजाडला. तिनं पहिली प्रत माझ्याकडं आणली, एकशे बारावं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं आहेत काका." मला मुंग्याच दिसल्या. मी म्हटलं, "यातलं नाव कुठलं ते मला रोज दाखव. मला पाठ करायचंय." ती म्हणाली, "पाठ नाही, मावशी. वाचायचं." गेटवरच्या स्टुलावर बसून मी पाटीवर शिकले. पहिलं नाव आणि आडनाव मिळून पंधरा अक्षरं होती, वेगळी नऊच. माझं वय तेव्हा सत्तेचाळीस. अशी मी आधी इंग्रजी अक्षरं शिकले, मराठी नंतर. नसीम तासगावला कॉलेजात लागली तरी दर रविवारी यायची. आता ती तिथं विभागप्रमुख आहे आणि तिच्या पोरांच्या कागदांवर लाल गोल करते.

मी आता त्र्याहत्तर वर्षांची आहे. वाचते, सावकाश लिहिते. आमच्यात नाव घेत नाहीत, ते मी कधी घेतलंही नाही. पण लिहू नये असं कुणी सांगितलेलं नाही, आणि मी म्हणते त्याला आधार मीच आहे.

यंकाप्पा हणमंता अलकुंटे, दगड फोडणारे, माझे पती, गुरुवारी, अकरा फेब्रुवारी एकोणीसशे नव्व्याण्णव रोजी सकाळी, वसतिगृहामागच्या आमच्या खोलीत वारले.